बुडालेल्याचा वाटा

श्री. धर्माजी, वय वर्षे चाळीस, राहणार मुरुड, जंजिरा संस्थान. शिक्षण : मराठी सहावी. व्यवसाय : विमा-प्रतिनिधी. कार्यक्षेत्र : मुरुड ते दिघी किनारा व त्यावरील समस्त मर्त्य जीव. विशेष अर्हता : दर्यावर्दी कुटुंबांच्या भवितव्याचे जाणकार.

अर्हता कंपनीने बहाल केलेली. कोळीवाड्याची सोय तिच्याआधीची होती. गडी बुडाला, की त्याचा मुलगा वल्हं धरण्याजोगा होईपर्यंत मासळीतला त्याचा वाटा घरी पोचता व्हायचा. धर्माजींनी या चालीला भीक म्हटले. विमा म्हणजे हक्क, आणि तो लेखी. सदू तांडेलाच्या होडीवरच्या सगळ्यांनी विमे उतरवले आणि वाट्याची चाल मोडली.

नीराबाई तेवढी कुरकुरली. "भावजी, जित्या मानसाचं मरान बोलू न्हाय."

"बोलू दे गं," त्याच होडीवरचा तिचा नवरा चंदर हसला. "जित्तेपनी कुनी किंमत केली न्हाय, मेल्यावर तरी होईल."

चौतीस साली, एका धुक्याच्या सकाळी, चंदर सुकाणूपाशी होता, मग नव्हता. पडताना कुणी पाहिला नाही. प्रेत मिळाले नाही.

कंपनीने कळवले, की प्रेताअभावी विमेदार सात वर्षे हयात समजला जाईल. हप्ते नियमित भरावेत. हे कलम धर्माजींनी पूर्वी वाचले होते. समुद्र माणूस परत देतोच असे नाही, हेही त्यांना जन्मापासून ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकत्र मात्र कधी आठवल्या नव्हत्या.

नीराबाईने ऐकून घेतले. "हयात हाय म्हंतात? मंग इचारा त्यांना, जेवाया कवा येतोय."

त्यानंतर धर्माजी बाजाराला लांबच्या वाटेने जाऊ लागले. शेवटी ते सदू तांडेलाकडे गेले. चाल पुन्हा सुरू करा, म्हणाले.

"मोडली कुनी? आता गड्यांच्या कमाईतनं तुझे हप्ते जातात. चंदरच्या जागी नवा गडी घ्यायचा, त्याला वाटा द्यायचा, आन् वर नीराबाईलाबी? एका वल्ह्याला दोन वाटे कुठनं काढू?"

"आणि बिनवाट्याचा गडी मिळाला तर?"

"असा येडा कोन हाय?"

धर्माजींनी कोट काढला. त्याची घडी घातली.

तेव्हापासून चंदरचा वाटा नीराबाईकडे जातो. ती आभार मानत नाही. धर्माजींना होडी लागते. बंदर सुटायच्या आत ते ओकतात.