सर्व्हर मेव्हण्याच्या गावी

गावातला कपिल मराठीत एम.ए. झालेला, पण कॉम्प्युटरचं कामही तोच बघे. त्याला शब्द सहसा कमी पडत नसत. पण कृष्णाततात्यांनी सर्व्हर कसा निवडला हे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तात्यांची उमेदीची वर्षं कोइमतूरला सोनं गाळण्यात गेली. आता विट्याजवळ गावी परतून ते गावची वेबसाइट चालवतात. गावचे असे गलाईवाले देशभर पांगलेले. जत्रेतली कुस्ती त्यांना दुकानात बसून दिसावी, एवढाच तात्यांचा हट्ट. यूट्यूबचं नाव काढलं की म्हणत, "दुसऱ्याच्या मांडवात आपलं लगीन कशाला?"

गेल्या जत्रेत घात झाला. गावच्या वीरधवलनं समोरच्याला उचललं आणि चित्र थिजलं. पडद्यावर नुसतं चक्र. तेव्हापासून तात्या दिसले की जो तो हवेत बोट गोल फिरवी. घरात बायको रंगूबाईसुद्धा.

"आपली साइट सामायिक सर्व्हरवर हाय, म्हंजे भावकीची विहीर," कपिलनं समजावलं. "सगळ्यांनी एकदम मोटर टाकली की आपल्या वाट्याला चिखल. यंदा व्हीपीएस घ्या, म्हंजे आपला निराळा सर्व्हर. आपल्या एकट्याचं बोअर."

तात्यांना पटलं. कपिलनं लॅपटॉप पुढं सरकवला. "जर्मनीतल्या सर्व्हरवर सत्तर टक्के सूट हाय. मुंबईला चाळीस. चेन्नईला कायबी न्हाई."

"जर्मनीत आपलं कोण हाय?"

"कोण कशाला पायजे?"

"बंद पडला तर दारात कोण जाईल? तू?"

"मग मुंबई घ्या."

"मुंबईला चुलतभाऊ हाय. बांधावरनं बोलणं बंद हाय. चेन्नईला मेव्हणा हाय. अर्जुना."

"आवं तात्या, सर्व्हरच्या दारात जावं लागत न्हाई!"

"परमुलखात दुकान टाकायचं तर आदी आपलं माणूस बघायचं. भाव मागनं."

सर्व्हर चेन्नईचा घेतला. सूट न घेता.

जत्रेदिवशी पुन्हा तीच जोड लागली. हलगी कडाडली. झोंबाझोंबी सुरू झाली आणि चित्र थिजलं. मैदानाकडेला मांडवात कपिलच्या लॅपटॉपभोवती बसलेल्यांची बोटं हळूच वर आली. तात्यांनी घाम पुसून फोन लावला. त्यांनी अर्जुनाला सकाळपासून त्या कंपनीच्या फाटकावर बसवलं होतं. वॉचमनसाठी पार्सलनं पाठवलेला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा हातात.

"दाजी, वॉचमन आत सोडंना!" फोनमधून आवाज आला. "पेढं खाल्लं आन् नुस्ता हसतोय!"

"मग आरड की मर्दा!"

अर्जुना ओरडला. मराठीत, मग तमिळमध्ये. त्याच वेळी कपिलनं लॅपटॉपवर सर्व्हर रीस्टार्ट केला.

चित्र हललं. वीरधवलनं गड्याला उचललं, फिरवलं आणि चारी मुंड्या चीत केलं. सगळं दिसलं. सुरतेपासून गुवाहाटीपर्यंतच्या दुकानांतून फोन खणखणू लागले. वर आलेली बोटं लोकांनी कान खाजवायला वापरली.

"पोचला रं आवाज!" तात्या फोनवर ओरडले. "शाब्बास अर्जुना!"

माइकवरून अर्जुनाला फेटा जाहीर झाला. मग पंगतीत कपिल खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात भावाच्या कौतुकानं फुललेल्या रंगूबाईंनी त्याच्या ताटात मटणाची आणखी एक वाटी ओतली. तो गप जेवू लागला.

तात्या शेजारी टेकले. आवाज खाली आणून म्हणाले, "कपिल, गावातलं कोण जर्मनीला दुकान टाकतंय का बघ की. सत्तर टक्के म्हंजे लय सूट झाली, गड्या."