कबूल केलेला कोट

शेंदूरजनाघाटहून मी निघाले त्या सकाळी बाबा मला मोटारसायकलवरून वरूडच्या स्टँडवर सोडायला आले होते. आमच्या बागेतले तुळशीरामकाका मागून सायकलवर आले. कॅरिअरला संत्र्यांची पेटी बांधलेली. एसटी लागल्यावर त्यांनी ती पेटी माझ्या सीटखाली सरकवली, आणि अमरावतीला उतरताना पोरीला पेटी उतरवून द्यायची, असं कंडक्टरला दोनदा बजावलं. बाबा खिडकीशी उभे होते. मला वाटलं, जेवणाखाण्याचं काही सांगतील. ते म्हणाले, "जमत असन तं हो म्हन. नाई जमत तं तोंडावर नाई म्हन. लोकायले ताटकळत नोको ठेवू."

त्या वेळी मला हा उपदेश विनोदी वाटला होता. मी पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशोबखात्यात कामाला निघाले होते, तिथे मला कोण काय मागणार होतं?

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तुमच्यापैकी जे आपापल्या गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. गेल्या हिवाळ्यात जे झालं ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

पुण्यात पहिल्या महिन्यातच माझी भाषा माझ्या लक्षात आली. 'मले' म्हटलं की डब्याच्या टेबलावर हसू फुटायचं, तरी ते मायेचं असायचं. खरी अडचण 'नाही'ची होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, शनिवारी माझ्याऐवजी येशील का? मी म्हटलं, "नाई जमत." ती माझ्याकडे बघतच राहिली. दोन दिवस बोलली नाही. मग मी हळूहळू शिकले. बघते नं. कळवते हं. हो हो, पाठवते, नक्की. इथे हे शब्द ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की त्यात फारसं काही नाही. बोलणं गोड संपवायची ती रीत आहे. मला ती चांगली जमली. लग्न झालं, फ्लॅट झाला, मुलगी झाली, आणि माझ्या बोलण्यावरून मी कुठली हे कुणाला ओळखू येईनासं झालं. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला जुने स्वेटर, जॅकेटं, ब्लँकेटं गोळा करतात. क्लबहाउसमध्ये मोठे खोके ठेवतात, आणि सगळं कुठल्या तरी संस्थेला देऊन टाकतात. गेल्या वर्षी मीटिंगमध्ये मीच म्हटलं, या वेळी माझ्या गावाकडे नेऊ या. सातपुड्याच्या पायथ्याला थंडी कशी पडते, बागेत राखणीला असणारी माणसं तुराट्या पेटवून कशी बसतात, हे मी सांगितलं. लोक हळहळले. ग्रुपवर टाळ्या आल्या. आठवडाभर आम्ही चौघीजणी संध्याकाळी कपडे निवडत होतो. त्यात चांगले कपडे होते, तसेच लग्नातले चमकी लावलेले ब्लेझर होते, शाळेचा बिल्ला शिवलेले स्वेटर होते, एका पायाचे मोजे होते. चौदा पोती भरली. माझा धाकटा भाऊ मंगेश आता बाग बघतो. त्याच्या ओळखीचा एक ट्रक पुण्याच्या मार्केटला संत्री उतरवून रिकामा परत जाणार होता, त्यात पोती टाकली. मी रेल्वेनं गेले.

सकाळी अकोल्याला गाडी थांबली तेव्हा प्लॅटफॉर्मवर माणसं डोक्यावरून शाली घेऊन गुडघ्यात मान घालून बसली होती. मी काचेतून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू. आपण काहीतरी घेऊन चाललोय, असं वाटत होतं.

मंगेशनं शाळेच्या व्हरांड्यात सोय केली होती. सोसायटीनं दिलेला बॅनर खिडकीच्या गजांना बांधला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला लोक आले. मी आणि शाळेतल्या बाई, आम्ही दोघी माप बघून एकेकाला कपडा देत होतो, आणि मंगेश फोनवर फोटो काढत होता. सोसायटीला पाठवायचे होते.

पंचफुलाकाकू रांगेत नव्हत्या. व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पंचफुलाकाकू म्हणजे तुळशीरामकाकांची बायको. मी लहान असताना संत्री तोडायच्या दिवसांत आई बागेत असायची, तेव्हा या काकूंनीच मला जेवू घातलेलं. मी त्यांना हाक मारली. त्यांच्यासाठी म्हणून एक तपकिरी जाड कोट मी बाजूला ठेवलाच होता, म्हणजे त्याच वेळी पोत्यातून काढला आणि ठेवलाच होता असं म्हटलं. आणि विचारलं, "काका नाही आले?"

शाळेतल्या बाईंनी खाली पाहिलं. मंगेशचा फोन खाली आला.

काकू म्हणाल्या, "तो तं गेला. संक्रांतीले वर्स होईन."

हातात कोट होता, तो मी तसाच पुढे धरला. त्यांनी बाहीवरून हात फिरवला, आतलं अस्तर बोटांनी चाचपून बघितलं. मग शांतपणे विचारलं, "हाच व्हय का तो?"

"कोणता, काकू?"

"तुनं कबूल केलेला."

रांगेतल्या माणसाला पुढे यायचं होतं, म्हणून त्या बाजूला झाल्या आणि तशाच घरी निघून गेल्या. कोट माझ्या हातातच राहिला.

मी उरलेली पोती कशी वाटली ते मला आठवत नाही. दुपारी घरी आल्यावर मंगेशला म्हटलं, "तुळशीरामकाका गेले आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं होतं, ताई," तो म्हणाला. "तू मीटिंगमंधी होती. मंग मेसेज केला."

मी फोन काढून मागे मागे जात राहिले. जानेवारीतला मेसेज सापडला. तुळशीराम गेला, न्युमोनिया झाला होता, अमरावतीला नेलं पण उपयोग झाला नाही. त्याच्याखाली माझं उत्तर होतं. जोडलेले दोन हात. तीन मिनिटांत उत्तर दिलं होतं मी. त्यानंतर त्याच दिवशी मी मंगेशला मुलीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवला होता.

आणि मग ते दुसरं आठवलं. त्याच्याआधीच्या दिवाळीत मी गावी गेले होते. बागेत फिरताना तुळशीरामकाका भेटले. जागल, म्हणजे बागेची रात्रीची राखण, त्यांच्याकडेच होती. डुकरांना हाकलायला आणि चोरांवर नजर ठेवायला ते माळ्यावर झोपत. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेलं उघडं मचाण. त्यांनी मला विचारलं होतं, अगदी सहज, हातातल्या विळ्यानं गवत कापता कापता, "पुन्यात जुना कोट गिट भेटते म्हन्ते. घरात पडला असन एखांदा तं धाडजो. मले आता थंडी सोसत नाई." त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं होतं, "हो काका, पाठवते. गेल्या गेल्या पाठवते."

माझ्या नवऱ्याचा कोट खरंच घरी होता. परत आल्यावर कपाट लावताना तो दोनदा माझ्या हातात आला. कुरिअरवाल्याचं दुकान आमच्या गेटसमोर आहे. मी नाकारलं नव्हतं, मुद्दाम टाळलंही नव्हतं. मी 'पाठवते' म्हटलं आणि माझ्या दृष्टीनं ते बोलणं तिथेच संपलं होतं.

मंगेश ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "मले इचारे तो. ताईचं पार्सल आलं का म्हने. मी तुले एकदा फोनवर सांगतलं बी होतं."

"मी काय म्हटलं?"

"हो हो म्हटलं."

"मग तू का नाही दिलास त्यांना एखादा? तुझ्याकडे दोन जॅकेटं आहेत."

तो म्हणाला, "देऊ शकत होतो. तू देऊन राहिली म्हनून नाई देलं." पुढे म्हणाला, "त्यानं मले विहिरीजवळच्या खोलीची चाबी मांगतली होती. आत झोपतो म्हने. मी नाई म्हटलं. तिथूनच पंपाच्या मोटारीचं स्टार्टर एकदा चोरीले गेलं होतं, तवापासून मी कोनालेच चाबी देत नाई. पन तोंडावर नाई म्हटलं, ताई. त्याले ठावूक होतं, चाबी भेटत नाई म्हनून."

आम्ही दोघं भावंडं तिथे बसून राहिलो. कुणाचं जास्त चुकलं हे आम्ही बोललो नाही, पण दोघंही तेच मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंकडे गेले. कोट घेऊन जावा की नाही हे कळेना. शेवटी पिशवीत घालून नेला. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मला बसायला पाट दिला. मी म्हटलं, "काकू, मी विसरले. मी खरंच विसरले."

"व्हय," त्या म्हणाल्या. सुपातली तूर वर-खाली होत राहिली.

मी त्यांना सांगायला लागले, कामाचा व्याप, मुलीची शाळा. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तुनं नाई म्हटलं असतं, तं आमी वरूडच्या बाजारातून कांबळं आनलं असतं. मी त्याले म्हने, चाल, घेऊन येऊ. तो म्हने, काहून उगा? वर्षा कोट धाडून राहिली."

वर्षा म्हणजे मी.

"कांबळं असतं तर ते वाचले असते का?" मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. कदाचित त्यांनी नाही म्हणावं म्हणून.

"ते मले काय ठावूक," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले बी नाई ठावूक. पन त्यानं वाट पाह्यली, येवढं मले ठावूक हाय."

मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही. "मले कोट नोको. मी घरात झोपतो, मले पुरते वाकळ." मग सूप खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले काही करायचंच असन, तं तुह्या भावाले सांग. आता जागलीले जो मानूस ठेवला हाय, श्रावन, त्याले माळ्यावर नोको झोपू देऊ. खोली उघडून दे म्हना. त्याची बायको बी घरी एकटी हाय."

माझ्या तोंडावर आलं होतं, हो काकू, सांगते, नक्की करते. शब्द अगदी ओठांवर होते. ते मी गिळले. म्हटलं, "इचारून पाहीन. तो आयकन का नाई, मले ठावूक नाई."

त्यांनी मान हलवली. कोट मी परत घेऊन आले.

मंगेश दोन दिवस ऐकत नव्हता. मी माझं परतीचं तिकीट पुढे ढकललं, ऑफिसला रजा कळवली आणि घरीच बसले. त्याची चिडचिड झाली. तो म्हणाला, तू चार दिवस येतं, फोटो काढतं आणि आमाले शिकवतं. फोटो तूच काढत होतास, असं मी म्हणाले नाही. त्याचं काही खोटं नव्हतं. स्टार्टर पुन्हा चोरीला गेलं असतं तर ऐन पाण्याच्या दिवसांत बागेचं नुकसान त्यालाच सोसायचं होतं, मला नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी तो वेल्डिंगवाल्याला घेऊन आला, स्टार्टरच्या पेटीभोवती लोखंडी जाळी बसवून घेतली, तिला कुलूप घातलं, आणि खोलीची चावी श्रावणला दिली. तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. मी जायला निघाले त्या दिवशी खोलीत एक बाज आणि वर दोरीवर टाकलेलं श्रावणचं धोतर दिसलं.

सोसायटीत मी परत आल्यावर कौतुक झालं. ग्रुपवर फोटो आले होते. एका फोटोत कडेला खांब दिसतो आणि खांबाजवळ पंचफुलाकाकूंचा अर्धा चेहरा. कुणीतरी लिहिलं होतं, किती समाधान आहे त्यांच्या चेहऱ्यावर. मी ते वाचलं आणि काही लिहिलं नाही. तिथेच सगळं सांगायला हवं होतं, हे आता वाटतं.

या वर्षी पुन्हा खोके ठेवले आहेत. नेणार का, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नाही. मला जमणार नाही." सेक्रेटरीबाईंना ते लागलं, मला दिसलं. मंगेशला मात्र मी फोन करून विचारलं, कुणाला काय हवंय ते नावानिशी सांग. त्यानं पाच नावं सांगितली. त्या पाचांसाठी मी नवी कांबळी घेतली, पार्सल करून त्याच दिवशी टाकली, आणि पोचली का म्हणून विचारलं. श्रावणच्या खोलीचंही विचारते. तो वैतागतो. "उघडी हाय, ताई. किती खेपा इचारशीन?" मी त्याला सांगत नाही, पण मी विचारतच राहणार आहे.

काकूंनी मला माफ केलं असं मी म्हणू शकत नाही. या दिवाळीत गेले तेव्हा त्या डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होत्या. "कवा आली वं?" त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत पुढे गेल्या.

माझं काय चुकलं हे पुण्यात कुणालाही माहीत नाही. इथे मी एक हौशी, मदतीला धावणारी बाई आहे. शेंदूरजन्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी सगळे मला वर्षा म्हणूनच हाक मारतात, चहाला बसवतात. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला तेच गाव आठवतं, आणि ते आठवताना बरं वाटत नाही.

आमच्या घरून बागेकडे जायला दोन वाटा आहेत. एक ओढ्याच्या काठानं मागून जाते, तिथे कुणाचं घर लागत नाही. दुसरी पंचफुलाकाकूंच्या अंगणासमोरून जाते. मी दुसऱ्या वाटेनं जाते.