काखेतलं पिस्तूल

मी साध्या कपड्यांतला पोलीस. खांद्याला पट्टा बांधून पिस्तूल काखेत अडकवायची युक्ती ज्यानं काढली, त्याला मे महिन्यात बालाघाटला बोलावून घ्यायची माझी फार इच्छा आहे. जीपमध्ये ती चांगली, हे मला मान्य. उकव्याच्या जंगलरस्त्यावर तासन् तास बसलं तरी कमरेला काही टोचत नाही, आणि गर्दीत मागून कुणी हत्याराला हात घालू शकत नाही. पण ते झाकायला वरून जॅकेट लागतं. सगळं गाव बनियनवर बसलेलं असताना मी जॅकेटात शिजत असतो. पट्ट्याखाली घामोळ्या उठतात त्या वेगळ्याच.

मुलाचं लग्न लांजीला होतं. तो नक्षलवाद्यांचा पट्टा, म्हणून सुट्टीवर असलात तरी तिकडे हत्याराशिवाय जायचं नाही, असा साहेबांचा हुकूम.

"आजच्या दिवस तरी राहू द्या ना ते," बायको म्हणाली. मी चिडून तिलाच नियम ऐकवले.

मांडवाच्या दारात व्याहीभेट झाली. मुलीच्या वडिलांनी मला कडकडून मिठी मारली आणि त्यांची छाती थेट पिस्तुलावर आदळली. ते मागे सरकले आणि जॅकेटाकडे बघत राहिले.

"ड्यूटीचं आहे," मी पुटपुटलो.

"हौ," ते हळूच म्हणाले, "पण आमी तं पोरगी देऊन राह्यलो तुमाले."

व्याहीभेटीत दोन्ही खांद्यांना भेटतात. दुसऱ्या खांद्याच्या वेळी त्यांनी लांबूनच हात जोडले.