युरोपातल्या इलेक्ट्रिक पिकअपवर झालेली सविस्तर चर्चा

मंडळी, आज टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात एका प्रोजेक्टच्या तेराव्याला जाऊन आलो. तो गेलाय हेच आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.

युरोपात विकायच्या इलेक्ट्रिक पिकअपचं चार्जिंग सॉफ्टवेअर आमची कंत्राटी टीम लिहिते. तिथे हा ट्रक खपेल का, यावर मीटिंग होती. आमची शिल्पा स्पष्ट बोलली. "तिथले शेतकरी आणि बांधकामवाले पिकअप घेतात ते ट्रेलर ओढायला. ट्रेलर जोडला की आपली बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते. सुताराला हत्यारं ठेवायला कुलूप लागणारी व्हॅनच बरी. पण नगरपालिका, बंदरं यांची धाव जवळची असते. त्यांना विकू या."

विभागप्रमुख मोरी-साननी टाळ्या वाजवल्या. बाहेर येताच शिल्पा म्हणाली, "सर, वाचलो बहुतेक! आता पोरीची इथली शाळा सोडवून भारतात परतायला नको."

मी मोरी-सानना कॉफी मशीनपाशी गाठलं. "निर्णय कधी?"

"झाला की, मागच्याच आठवड्यात. प्रोजेक्ट बंद. प्रत्येकाला आधी भेटून विचारलं."

"आम्हाला नाही विचारलं."

"तुम्ही कंत्राटी ना!"

"मग आजची मीटिंग कशाला?"

"चर्चा व्हायला हवी ना."

इथे एकमत आधी होतं आणि मतं नंतर मागवतात. शिस्त म्हणजे शिस्त.

शिल्पाला मीच सांगितलं. तिने विचारलं, "मग सगळ्या स्लाइड्स मला जपानीत का करायला लावल्या?"

कुणाकडे उत्तर असेल तर कळवा. मराठीत दिलंत तरी चालेल.