साखरेचा कार्यक्रम कुठे आहे हो?

चूक झाली हे मान्य, पण आधीच बजावून ठेवते, मला तिचा काडीचाही पश्चात्ताप नाही! हसायचं असेल त्यांनी कप खाली ठेवून हसावं. उगाच ठसका लागायचा.

मी सदाशिव पेठेतली निवृत्त शिक्षिका. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे समोर चार माणसं बसलेली दिसली की तोंड आपोआप सुरू होतं. माझी एक विद्यार्थिनी आता लोणी काळभोरच्या पुढच्या एका गावात, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. लोक दुखणं विकोपाला गेल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत, म्हणून तिने गावातले बचत गट, भजनी मंडळ, तालीम, सगळ्यांची मोट बांधली आणि तपासणी शिबिरं सुरू केली. पहिल्या दोन शिबिरांना चिटपाखरू फिरकलं नाही. तिसरं होतं मधुमेहाचं.

"बाई, हेही रिकामं गेलं तर मंडळी पांगतील हो," ती फोनवर म्हणाली.

"मी येते. बघते कोण पांगतंय ते!"

रविवारी सकाळी बसमधून उतरले आणि थांब्यावरच्या एका आजोबांना विचारलं, "साखरेचा कार्यक्रम कुठे आहे हो?"

"त्यो काय, मांडव दिसतोय न्हवं?"

आता सांगा, यात माझं काय चुकलं?

मांडव गच्च भरलेला! दारात गुलाबपाणी शिंपडत होते. मनात म्हटलं, पोरीने काय चोख व्यवस्था ठेवली आहे! पुढे एक मुलगी भरजरी साडी नेसून बसली होती.

"सूत्रसंचालन तुझ्याकडे का गं?"

"न्हाई, माझाच कार्यक्रम हाय."

"माझाच नाही, बाळ. आपल्या सगळ्यांचा म्हणावं!"

तेवढ्यात एक बाई पेढ्यांचं भलंमोठं ताट घेऊन आल्या. साखरेच्या कार्यक्रमात पेढे? माझं डोकंच फिरलं. "शोभतं का हे? न्या ते आत!" म्हणत मी ताट त्यांच्या हातातून काढून खुर्चीखाली सरकवलं. त्या नवऱ्या मुलाच्या आई होत्या, हे मला कसं कळणार? कपाळावर लिहिलं होतं का?

मग मंचावर चढून घेतला माईक.

"मंडळी, साखर ही लपवायची गोष्ट नाही! घरोघरी लपवाछपवी चालते आणि भोगतात कोण? मुलं!"

पहिल्याच रांगेत फेटा बांधलेले एक गृहस्थ घाम पुसत होते. मी सरळ त्यांच्याकडे बोट केलं. "तुमच्या घरात आहे ना? सगळ्यांसमोर सांगून टाका!"

ते मुलीचे वडील. पांढरेफटक पडले.

मला कुणी अडवलं का नाही, असंच ना? ते नंतर कळलं. मुलीकडच्यांना वाटलं, ही मुलाची पुण्याची आत्या. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीच्या शाळेतली बाई. आणि दोन्ही प्रकारांना अडवण्याची कुणाची छाती असते?

शेवटी मुलाचे चुलते ताडकन उठले. "काय लपवलंय ते आधी कळू द्या! मगच अंगठी!"

अंगठी? मधुमेहात अंगठी कुठून आली? मी मागे वळून फलक वाचला. साखरपुडा!

माझ्यापायी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती. तेवढ्यात माईकवरचा माझा आवाज ऐकून डॉक्टरने पाठवलेली रुग्णालयातली नर्स धापा टाकत आली. "बाई, शिबिर शाळेत आहे! तिथं मी, डॉक्टर आणि भजनी मंडळ. चौथं कुणी नाही!"

"मंग उतरा खाली!" चुलते गरजले.

उतरणार कोण? "मांडव चुकला असेल, पण मी बोलले त्यात एक शब्द चुकलेला नाही! मधुमेहाबद्दल बोलत होते मी. लपवलेलं दुसरं काही नाही!"

मुलीचे वडील हळूच उठले. "हाय मला साखर. चार वर्षं झाली. सोयरीक बिघडंल म्हणून गोळ्याबी लपवून खातो."

मुलाचे वडील पुढे झाले. "एवढंच व्हय? अहो, मलाबी हाय की!"

चुलते तरीही मला खाली उतरवायला निघाले. तशी नवरी मुलगीच उभी राहिली. "काका, बाईंना कुणी हात लावायचा न्हाई. माझे बाबा चार वर्षं घाबरून जगले. आधी सगळ्यांची तपासणी, मंग अंगठी!"

नर्सने शाळेतून यंत्र आणि पेटी आणली. भजनी मंडळाने रांग लावली, डॉक्टर टेबलाशी बसली. आणि सगळ्यांत जास्त साखर कुणाची निघाली? "आपल्याला काय होतंय?" म्हणत छाती फुगवून बसलेल्या चुलत्यांची! अंगठ्या दुपारी दोनला घातल्या गेल्या.

आता डॉक्टरच्या शिबिरवाल्या मंडळींनी ठरवलंय, रिकाम्या खोल्यांत शिबिरं भरवायची नाहीत. जिथे गाव जमेल तिथे जायचं. डॉक्टर म्हणते, "बाई, ही वाट तुम्ही दाखवलीत." मग? दाखवलीच!

परवा लग्नाची पत्रिका आली. मी शेजारीपाजारी मिरवली. मग खाली नवऱ्या मुलीच्या हातच्या दोन ओळी दिसल्या:

"बाई, अगत्य येणे. माईकवाल्याला तुमचा फोटो देऊन ठेवला आहे."