भाजलेली माती आणि आठ वाल

बाळांनो, आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा केबल नुकती आली होती, आणि दर दहा मिनिटांनी एखादी जाहिरात जंतू मारायला सांगत असे. मला ते फार पटायचं. म्हणून तुमच्या पणजीने, माझ्या सासूबाईंनी, गावच्या कडव्या वालांचे उरलेले आठ दाणे माझ्या हाती दिले, तेव्हा मी कुंडीची माती आधी ओव्हनमध्ये भाजून घेतली. दाणेही धुतले. गावची जमीन विकली गेली होती. हे बियाणं आता आणखी कुठेच नव्हतं.

"मातीचा केक केलास की काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

आठही उगवले. महिन्याभरात पानं पिवळी पडली. सासूबाई रोज बाल्कनीत जाऊन बघून येत.

तुमची आई तेव्हा बॉटनीत एम.एस्सी. करत होती. तिने कडेने एक मूळ उकरून पाहिलं, त्यावर एकही गाठ नव्हती. "आई, यार, तू यांचे दोस्तच मारलेस!"

वालाला हवेतला नायट्रोजन स्वतः घेता येत नाही, तिने सांगितलं. मूळ एक रसायन सोडून मातीतल्या ठरावीक जिवाणूंना बोलावतं. तेही आपलं रसायन सोडून उत्तर देतात. मुळाला खूण पटली की त्याची झोपलेली जनुकं जागी होतात, मुळावरचा केस वळतो आणि पाहुण्याला आत घेतो. तिथे गाठ धरते, आणि तिच्यात राहून हे पाहुणे रोपाला नायट्रोजन पुरवतात.

"आपल्या गेटवरच्या चौकीदारासारखं. ओळख पटल्याशिवाय बिल्कुल सोडत नाही."

मी चकित. ज्यांना मी जन्मभर फिनाइलने पुसत आले, त्यांच्यासाठी रोप दार उघडतं?

"हाका मारून थकलंय बिचारं," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी यमुनेकाठच्या शेतावर गेले आणि सेमच्या, म्हणजे तिकडच्या वालाच्या, वेलांखालची माती मागितली.

"सब्ज़ी नहीं, मिट्टी?" शेतावरची बाई हसली. "ले जाओ, बहनजी."

ती माती मी हातमोजे न घालता मुळांशी घातली.

काही आठवड्यांनी नवी पानं आली, हिरवी. तुमच्या आईने पुन्हा एक मूळ काढलं. त्यावर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आतून गुलाबी! "कारखाना चालू," ती म्हणाली. मी भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत बसले.

हिवाळ्यात शेंगा वाळल्या. बिरड्यासाठी मी नारळही आणला होता. सासूबाईंनी सगळे दाणे पदरात घेतले. "यंदा बिरडं नाही. बियाणं."

मी उकळत्या पाण्याने धुतलेला, लेबल लावलेला डबा पुढे केला. त्यांनी तो हुंगून बाजूला ठेवला. मी उठले, कुंडीतली मूठभर माती पुडीत बांधली आणि दाण्यांशेजारी ठेवली.