कंधारहून आणलेलं क्लॅरिनेट

लग्नसराईत आमच्या ऑफिसखालच्या रस्त्यावरून वरात येताना ऐकू आली की आमचे हेडक्लार्क हातातल्या पेनाला टोपण लावायचे, उठायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. मे महिन्यातलं नांदेड, डोक्यावरचा पंखा गरम हवाच फिरवतोय, आम्ही सगळे घामाने निथळतोय. तरी खिडकी बंद. बँडचा आवाज पुलापलीकडे पार विरला की पुन्हा उठून उघडायचे. कुणी कुरकुर केलीच तर म्हणायचे, "कागद उडून राहिलेत." कागदांवर पेपरवेट ठेवलेलं असायचं.

माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: पांढरा शर्ट, कडक इस्त्री, टेबलाच्या काचेखाली बुद्धाचा छोटा फोटो आणि कुठल्याही वादात न पडण्याची जन्माची सवय. क्रिकेट असो, निवडणूक असो, त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" कॅन्टीनचा चहा कसा झालाय विचारलं तरी हेच. आम्ही त्यांच्या पाठीमागे हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून हसायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि राग येत नसे.

त्यांची मुलगी प्रज्ञा लातूरला कॉलेजात होती, हॉस्टेलवर राहायची. तिने संगीत हा विषय घेतलाय एवढंच घरी माहीत होतं. बाप समजत होता, पोरगी गाणं शिकतेय. दिवाळीच्या सुट्टीत तिने जेवताना सांगून टाकलं की आपण क्लॅरिनेट वाजवतो, कॉलेजच्या बँडमध्ये. ते ताटावरून उठले. वहिनींनी मला सांगितलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली पण भरल्या ताटावरून उठलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बापलेकीत बोलणं जवळजवळ बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रज्ञा घरी आली ती नवीनच बातमी घेऊन. पोलीस बँडमध्ये भरती निघाली होती. मैदानी चाचणी होणार होतीच, पण वाद्य वाजवून दाखवायची परीक्षाही होती आणि ती सुट्टीतच. कॉलेजचं क्लॅरिनेट कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद. सराव करायचा तर स्वतःचं वाद्य पाहिजे. मोठ्या मुलाच्या इंजिनिअरिंगने घर आधीच ओढाताणीत होतं, त्यामुळे नवं चांगलं वाद्य घेण्याचा विषयच नव्हता.

एका दुपारी ती थेट ऑफिसात आली. ते साहेबांच्या केबिनमध्ये होते तेवढ्यात मला म्हणाली, "काका, तुम्ही पप्पांना सांगा. ह्यावेळी हुकलं तर पुन्हा भरती कधी निघंल, भरोसा न्हाई."

मी सांगितलं. ते बराच वेळ फाइल चाळत राहिले. मग म्हणाले, "वर्दी असली तरी बँड तो बँडच." पण नकार दिला नाही.

आधी प्रज्ञाने मोबाइलवर शोधून सगळ्यात स्वस्तातलं एक मागवलं. फोटोत ते फार देखणं होतं. हातात आलं तर बोट दाबलं की चावी वाकायची आणि वरचा सूर लावला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडायचं. शेजारची पोरं गोळा व्हायची. ते परत पाठवण्यात आठवडा गेला. परीक्षा जवळ आली. वहिनी म्हणाल्या, पोरगी जेवत नाही, नुसत्या लाटण्यावर बोटं चालवत बसते. बहुधा त्या लाटण्यानेच काम केलं. एके दिवशी चहाच्या वेळी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंधारला एक जुना बँडवाला हाय म्हणतेत. वाद्यं विकायला काढलीत. तुम्ही येता का संगं? आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

रविवारी आम्ही तिघं एसटीने कंधारला गेलो. किल्ल्याच्या बाजूला गल्लीत त्या बँडमास्तरांचं घर होतं. खुंटीला उलटे ढोल, कोपऱ्यात चेपलेला बिगुल, दोरीवर सोनेरी झालरीचे लाल कोट ऊन खात लटकलेले. मास्तर म्हातारे, बोलके. पोरांनी डीजेची गाडी घेतली, आता ह्या वाद्यांना कुणी विचारत नाही, असं सांगत त्यांनी दोन पेट्या पुढे ठेवल्या. एकीत काळंभोर लाकडी क्लॅरिनेट, चाव्या चांदीसारख्या चमकणाऱ्या. दुसरीत फायबरचं, ओरखडे पडलेलं, एका चावीला रबर गुंडाळलेलं.

"गाव कोणतं तुमचं?" मास्तरांनी विचारलं.

"बिलोलीकडचं," ते म्हणाले आणि दाराबाहेर बघायला लागले. ते उंबऱ्याजवळच टेकले होते, आत आलेच नव्हते. समोरचा चहाही त्यांनी घेतला नव्हता.

प्रज्ञाने लाकडी उचललं आणि वाजवलं. मला संगीतातलं फारसं समजत नाही, पण त्या खोलीत तो आवाज असा भरून आला की मीच म्हणालो, हेच घेऊन टाकू. मास्तरांनी किंमतही आमच्या ऐपतीतली सांगितली. पोरगी वाजवणारी आहे म्हणून एवढ्यात देतो म्हणाले. प्रज्ञाचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता. तिने बापाकडे पाहिलं.

ते उठले. "बघू," म्हणाले.

त्यांनी वाद्य हातात घेतलं, मधून फिरवून दोन तुकडे केले. वरचा तुकडा घेऊन डाव्या हाताच्या बोटांनी भोकं बुजवली, खालचं तोंड उजव्या तळव्याने दाबलं आणि ओठ लावून आत हवा ओढली. मग तसाच धरून कान दिला. बोटं ज्या तऱ्हेने बसली ते पाहून मास्तर बोलायचे थांबले. प्रज्ञाही बघत राहिली. अगदी बारीक, हवा सुटल्याचा आवाज आला. त्यांनी लाकडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नखात काळं आलं.

"मास्तर, ह्याला तडा हाय. मेण भरून वरून बुटाचं पॉलिश केलंय."

मास्तर म्हणाले, "पावसाळ्यात मिटतो तो."

"उन्हाळ्यात उघडतो. अन् परीक्षा उन्हाळ्यात हाय."

हे त्यांनी अजिबात आवाज न चढवता म्हटलं. मास्तरांनी लाकडी वाद्य मुकाट्याने पेटीत ठेवलं आणि फायबरचं पुढे केलं. त्यातली हवा टिकली. पण तेवढ्याने काम भागत नव्हतं. सूर खालून वर चढताना मधे फुटतो की नाही, हे वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. वाजवायला प्रज्ञा होती. ते तिच्या हातात देतील असं मला वाटलं. त्यांनी दिलं नाही. खिशातला रुमाल काढून तोंडाकडचा भाग पुसला, त्यावरची वेताची पत्ती ओठात धरून ओली केली आणि तसेच थांबले. बाहेर कुणीतरी बादली आपटली तेव्हा ते दचकले.

मग त्यांनी एक खालचा सूर लावला. लांब, सरळ. तो कुठे हलला नाही. तिथूनच वर चढले आणि वरचा सूर मधे न फुटता उमलला. तेवढंच. वाद्य ओठांपासून काढलं, पुन्हा पुसलं आणि मुलीपुढे धरलं.

"हे घे. दिसायला साधं हाय, पण हवा धरतंय. चावीची स्प्रिंग तेवढी बदलून घेऊ."

प्रज्ञाने हात पुढे केला नाही. "पप्पा, तुम्हाला वाजवता येतं?"

"येत व्हतं."

"अन् मी इतके दिवस तुमच्यासमोर लाटणं घेऊन बसले होते." ती अंगणात निघून गेली. तिथे त्या लाल कोटांच्या पलीकडे पाठमोरी उभी राहिली. आम्ही पैसे देऊन बाहेर आलो तरी तिने पेटीकडे पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर खिडकीशी बसली. मागे आम्ही दोघं. पेटी त्यांच्या मांडीवर. रस्त्यात टायर पंक्चर झालं, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बरीच माणसं खाली उतरली. बस एकदम शांत झाली. तेव्हा ते बोलायला लागले. बोलत होते माझ्याशी, पण आवाज त्यांनी हळू केला नव्हता.

त्यांचे वडील बिलोलीकडच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वस्तीतल्या बहुतेकांनी वाजवणं कधीच सोडलं होतं; आता आपण लोकांच्या दारात वाजवायचं नाही, असं ठरवूनच सोडलं होतं. वडिलांना पोटासाठी सोडता आलं नाही. त्यामुळे वस्तीत मान नाही आणि लग्नघरी पंगत उठल्यावर मांडवामागे जेवण. शाळा सांभाळून हेही संगं जायचे, वडिलांनीच शिकवलेलं. एका लग्नात वडील तापाने फणफणले होते. वरात एका बड्या माणसाच्या घरासमोर थांबलेली. नाचणारे वडिलांना थांबू देईनात. ओठ फुटून पत्ती लाल झाली तरी वाजवणं चालू. शेवटी ह्यांनी बापाच्या तोंडातून वाद्य ओढून घेतलं आणि नवरदेवाचा घोडा पुढे हलेपर्यंत स्वतः वाजवलं. रक्ताची चव तोंडात होती, म्हणाले.

"घरी आल्यावर बाप एकच बोलला. आजपासून ह्याला हात लावायचा न्हाई, शब्द दे. मी दिला. दुसऱ्या दिवशी मला बोर्डिंगात घातलं. त्यो गेला तवाबी मी वाजवलं न्हाई." त्यांनी मांडीवरच्या पेटीवर हात ठेवला. "आज शब्द मोडला."

खाली जॅक लावल्याचा आवाज येत होता. पुढच्या सीटवर प्रज्ञा अजून पाठमोरीच होती. मला वाटलं, हिने ऐकलं नसावं. मग ती मान न वळवता म्हणाली, "आजोबांनी शब्द तुमच्याकडून घेतला होता पप्पा. माझ्याकडून न्हाई."

काही वेळाने तिने सीटवरून हात मागे केला. "द्या ती पेटी इकडं."

त्या दिवसापासून रोज ऑफिस सुटल्यावर ते थेट घरी जायला लागले. वहिनी सांगायच्या, दार लावून दोघं बसतात आणि "परत" ह्या शब्दाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. त्यांनी स्वतः वाद्य पुन्हा ओठाला लावलं नाही. सूर तोंडाने म्हणून दाखवायचे. फार कडक शिकवत. प्रज्ञा रडायची, चिडायची, पुन्हा बसायची. फक्त तिचा ओठ दुखायला लागला की लगेच थांबवत. "ठेवून दे. उद्या." तिने कितीही हट्ट केला तरी त्यात सूट नव्हती.

परीक्षेला मीही बरोबर गेलो. नातेवाइकांना फाटकाबाहेरच थांबायचं होतं. आम्ही भिंतीलगतच्या लिंबाखाली उभे होतो. आतून एकेका उमेदवाराचं वाजवणं ऐकू येत होतं. कोण कुठलं वाजवतोय ते दिसत नव्हतं. मग क्लॅरिनेट सुरू झालं आणि ते ताठ झाले.

चाल चांगली निघाली. वर चढताना मात्र नेमक्या त्या मधल्या जागी सूर चिरकला. वाजवणं थांबलं. आत कुणीतरी काहीतरी बोललं, ते कळलं नाही. पुन्हा शांतता. मला ती संपेल असं वाटेना. ते डोळे मिटून उभे होते आणि ओठातल्या ओठात पुटपुटत होते, "श्वास घे. घाई करू नको. श्वास घे." जणू ती समोरच होती.

पुन्हा सुरुवात झाली. पहिल्यापासून. ह्या वेळी ती जागा आली आणि गेली. ते भिंतीला टेकले. शर्ट पाठीला चिकटला होता.

निकाल लागेपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले ते मला माहीत आहे, कारण त्या दिवसांत एका साध्या पत्राचा मसुदा त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. एवढी खाडाखोड त्यांच्या हातून कधी होत नसे. प्रज्ञाचं नाव यादीत आलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत. पाण्याचा ग्लास घेतला, उभ्यानेच प्यायले आणि कामाला लागले.

पुढच्याच वर्षी ते रिटायर झाले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच. त्यांच्या टेबलावर आता एक तरुण मुलगा बसतो. चांगला आहे, गप्पिष्ट आहे. पण मला कधी कधी शेजारी कुणीच बसलेलं नाही असं वाटतं.

त्यांना मी शेवटचं निवांत पाहिलं ते प्रज्ञाच्या ट्रेनिंगच्या समारोपाच्या संचलनाला. त्यांनी मला आग्रहाने नेलं होतं. मैदानावर पालकांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या. एका हवालदाराने आम्हाला तिथपर्यंत नेलं आणि म्हणाला, "बसा साहेब, ही तुमचीच जागा." ते बसले, अगदी कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून. चहा आला तो त्यांनी घेतला.

मग बँड निघाला. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, वर्दी सारखी, पावलं सारखी. क्लॅरिनेटवाल्या मुलींची एक रांग होती आणि उन्हात कुणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. ते माझ्या बाजूला झुकले.

"त्यातली आपली कोणती?"

मी डोळ्यांवर हात धरून पुष्कळ पाहिलं. मलाही सांगता येईना.

"असू द्या," ते म्हणाले. "सगळ्याच चांगल्या वाजवून राहिल्यात."